रानवारा हॉटेलची ना-हरकत

जेजुरीला भंडारा उचलायला नेलं, त्या दिवशी मला गाडीत पुढची सीट दिली होती. ग्रामपंचायतीला निवडून येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. उपसरपंच निवडायचा होता आणि तोवर कुणी फुटू नये म्हणून सरपंच हौसराव आप्पांनी आपल्या पॅनलच्या आम्हा चौघा मेंबरांना देवदर्शनाला काढलं. चौफुल्याला गाडी थांबवून वडापाव झाला, सुप्याला चहा झाला. गडावर देवासमोर आप्पांनी एकेकाच्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवला आणि सांगितलं, "म्हणा, पाच वर्षं पॅनल सोडून हात वर करणार न्हाई." सगळे म्हणाले. मी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, कारण आमच्या वस्तीतून पंचायतीत गेलेली मी पहिलीच बाई आणि मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, हळदीची चिमूट ती, त्यात एवढं काय. आमची माणसं दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. रानात ना तलाठी, ना कोर्ट. कुणाचं कोकरू कुणाच्या कळपात गेलं, कुणी कुणाचं पीक चारलं, याचा निवाडा भंडाऱ्यावर व्हायचा. उचलला की विषय संपला. स्टॅम्प पेपरवर सही करून फिरलेला माणूस आमच्यात खपतो, पुढारीसुद्धा होतो. पण भंडारा उचलून फिरलेल्याच्या घरी सोयरीक जुळत नाही. माझ्या सासूबाई साळूबाई कवठे येमाईच्या. त्यांच्या चुलत्यानं बांधाच्या भांडणात खोटा भंडारा उचलला आणि वर्षाच्या आत त्याचा अख्खा कळप रोगानं गेला, हे त्या अजूनही आवाज खाली करून सांगतात.

असा हा भंडारा मला आडवा आला तो एका हॉटेलपायी.

आमचं गारमाळ शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. फाट्यावर दत्ताचं हॉटेल रानवारा, आणि हॉटेलच्या मागच्या भिंतीपासून एक कच्ची वाट सोडली की आमची वस्ती. दत्ता म्हणजे सरपंच आप्पांचा सख्खा भाचा. हॉटेल निघालं तेव्हा आम्हालाही कौतुक होतं. बाजरीची भाकरी, मटण, बसायला बांबूच्या खोपी. आमच्या वस्तीतल्या चांगुणाला भाकरी थापायचं काम मिळालं. मग हळूहळू स्टीलच्या पेल्यांतून दारू सुरू झाली. पाटीवर 'शुद्ध घरगुती जेवण' आणि पेल्यात घरगुती सोडून बाकी सगळं. दारूचा परवाना नव्हताच, त्यामुळे सगळा कारभार मागच्या अंगाला, म्हणजे आमच्या तोंडावर. लोक आमच्या भिंतीला लघवीला उभे राहणार, बाटल्या आमच्या कांद्यात फेकणार, जाताना गाडीत गाणी लावणार. बोलायला गेलं की दत्ता हात जोडायचा, "वहिनी, गिऱ्हाईक हाय, काय करू?" हात जोडण्यात तो पटाईत आहे.

आणि आता त्याला हॉटेल रात्रभर उघडं ठेवायचं होतं. त्यासाठी तालुक्याला अर्ज करायचा आणि अर्जाला पंचायतीची ना-हरकत लावायची. विषय पुढच्या मासिक सभेवर आला.

पंचायतीत आम्ही सात मेंबर. चार आप्पांच्या पॅनलचे, तीन विरोधातल्या तात्याबांच्या गटाचे, तात्याबा धरून. सरपंचांचं मत बरोबरी झाली तरच. तात्याबांचा गट विरोधात जाणार हे नक्की होतं. तात्याबांचा राग दारूवर नव्हता, दत्तावर होता, पण मत ते मत. म्हणजे सगळं माझ्या एका हातावर येऊन ठेपलं होतं, आणि तो हात जेजुरीला बांधून ठेवलेला.

आता घरचं सांगते. माझी पोरगी अपेक्षा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. आयटीआय केलं, कंपनीत लागली, मोटारींच्या वायरी जोडायच्या लाइनवर. हात एवढा बसला की आता तिला लाइन लीडर करणार, असं साहेब म्हणाला होता. आमच्या घरात शिफ्ट, टार्गेट, ओव्हरटाइम हे शब्द तिनंच आणले. दुसऱ्या शिफ्टला असली की कंपनीची बस तिला रात्री फाट्यावर सोडते, रानवाऱ्याच्या समोर. तिथून वस्ती हाकेवर. हाकेवर असली तरी मधे ती कच्ची वाट आहे. मागच्या महिन्यात हॉटेलातून निघालेले दोघेजण मोटारसायकलवर तिच्या मागं मागं आले, मुद्दाम गाडी हळू चालवत, हॉर्न वाजवत. तिनं दार आतून लावलं तरी ते थोडा वेळ बाहेर घुटमळले. मी कोयता घेऊन बाहेर आले तेव्हा गेले.

त्या दिवसापासून सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता. "ह्ये हाटेल रातभर चालू झालं की पोरीची कंपनी बंद. खुटबावचं स्थळ आलंय, उरकून टाकू." आमचे मालक मल्हारी माणूस चांगला, पण आईपुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. "आई म्हणती त्यात बी तथ्य हाय," असं म्हणून ते कांद्याला पाणी द्यायला निघून गेले. पोरीनं फक्त युनिफॉर्म धुऊन दोरीवर टाकला आणि त्याच्यापाशी उभी राहिली. मला ते बघवलं नाही.

सभेच्या दोन-चार दिवस आधी हौसराव आप्पा घरी आले. आप्पा वयानं मोठे, पांढरे कपडे, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच मोठे झाल्यासारखं वाटावं. ते माझ्याकडे आले होते, पण बोलले सासूबाईंशी.

"साळूबाई, सूनबाई हुशार हाय तुमची. जरा तापट हाय, पण हुशार हाय."

"व्हय आप्पा. तोंड हाय तिला."

"असू द्या, असू द्या. मेंबरला तोंड पायजेच." आप्पांनी चहा बशीत ओतला. "पण वस्तीत काय काय बोलणं चाललंय म्हणं. हाटेलाला इरोध करायचा म्हणं. म्हणून म्हटलं, तुमच्या कानावर घालावं. जेजुरीला हिनं भंडारा उचललाय, ते तुम्हाला ठाऊक हाय ना?"

सासूबाईंना ठाऊक नव्हतं. देवदर्शन एवढंच त्यांना माहीत. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आप्पांनी बशी संपवली, अपेक्षाचं काम कसं चाललंय विचारलं, "गुणाची पोर हाय" म्हणाले आणि गेले.

"सुषमे," सासूबाई म्हणाल्या, "भंडारा मोडायचा न्हाई."

"आन् अपेक्षाचं?"

"तिचं लगीन करू."

"म्हंजी आप्पांचा भाचा दारू इकणार, आन् घरात बसणार माझी पोरगी?"

"तुझ्या तोंडाला लागत न्हाई मी. पण देवाच्या तोंडाला तू लागू नको," असं म्हणून त्या उठून आत गेल्या. रागानं नाही, भीतीनं. त्यांची भीती खरी होती, आणि म्हणूनच मला तिच्यावर चिडताही येईना. मला स्वतःलाही भीती वाटत होती. मी काही शहरात वाढलेली नाही.

तरी मी ठरवलं होतं की हॉटेल बंद पाडायचं. कसं, ते माहीत नव्हतं, पण पाडायचं. अपेक्षानंच त्यात पाचर मारली. रविवारी माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, "आई, तू हाटेल बंदच करणारेस का?"

"करणार. का?"

"मग फाट्यावर अंधार होईल. आत्ता तिथं निदान उजेड हाय, माणसं हायती. आमच्या बसमधल्या बाकीच्या पोरी पुढच्या गावाला काळ्याकुट्ट अंधारात उतरतात, त्यांचे भाऊ येस्तवर जीव मुठीत धरून उभ्या राहतात. मला हाटेलाचं भ्या न्हाई, पेल्याचं भ्या हाय. दारू नसंल तर रातभर चालू असलेलं बरंच की. शिफ्टची माणसं जेवतील, आम्ही पोरी च्या पिऊ."

माझ्या डोक्यात हॉटेल म्हणजे एकच वस्तू होती. पोरीनं तिचे सरळ दोन भाग करून दाखवले. तिला घरात बसायचं नव्हतं आणि कुणाचा धंदाही बसवायचा नव्हता, रात्री कामावरून माणसासारखं घरी यायचं होतं. एवढंच मागत होती.

मग मी दत्ताकडे गेले. दुपारी, उजेडी. त्याला म्हटलं, "दारू बंद कर. मी स्वतः तुझ्या बाजूनं हात वर करते, वस्तीतल्या बायांची समजूत बी मीच काढते."

दत्ता हसला. "वहिनी, दारू हायच कुठं? कोण म्हणतं आमच्यात दारू हाय?"

मागं चांगुणा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"न्हाईच म्हणतोस?"

"देवाशपथ न्हाई," दत्ता म्हणाला आणि हात जोडले.

घरी येईपर्यंत माझा बेत पक्का झाला होता. देवाची शपथ त्यानंच काढली होती. तर मग घालू दे नीट शपथ, ज्या हळदीवर माझा हात बांधलाय तिच्यावरच, सगळ्या पंचायतीसमोर. दत्ता आमच्यासारख्याच घरातला, खंडोबा त्यांचंही कुलदैवत. खोटा भंडारा उचलायची छाती त्याला होणार नाही. तो अडखळेल, सगळ्यांसमोर खरं बाहेर येईल, मग आप्पांनाच विषय मागं घ्यावा लागेल. म्हणजे माझा भंडाराही मोडायचा नाही आणि पोरीची नोकरीही जायची नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

सभेच्या दिवशी सकाळी देवघरातला भंडारा मी स्टीलच्या डबीत भरला आणि दारच्या बेलाची पानं घेतली.

"भंडारा कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"कामाला," मी म्हणाले.

पंचायतीच्या व्हरांड्यात वस्तीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. मासिक सभेला बाहेरच्यांना बोलता येत नाही, पण बसायला कोण अडवतंय? चांगुणासुद्धा आली होती, कडेला, पदर तोंडाशी धरून. आत ग्रामसेवकानं घसा खाकरून विषय वाचला: रानवारा हॉटेल रात्रभर चालू ठेवण्यास ना-हरकत देणे. दत्ता अर्जदार म्हणून खुर्चीत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला बोलायला सांगितलं. त्यानं छान भाषण केलं. कंपन्यांची माणसं, ट्रकचे ड्रायव्हर, परप्रांतातले कामगार, रात्री उपाशी राहतात. त्यांना दोन घास मिळावेत, गावच्या पोरांना रोजगार मिळावा. सगळं खरंच होतं. फक्त त्यात पेला नव्हता.

तात्याबा उठले आणि त्यांनी दत्ताच्या आजोबांपासून सुरुवात केली. त्यांना खाली बसवायला थोडा वेळ गेला.

मग मी उभी राहिले. "माझं म्हणणं एवढंच हाय," मी म्हणाले, "हाटेल रातभर चालू राहू द्या. माझी ना न्हाई. माझी सोताची पोर त्या फाट्यावर उतरती, तिला बी उजेड पायजे. पण तिथं दारू इकली जाती. दत्ता म्हणतो, इकली जात न्हाई. तर ह्यो देवाचा भंडारा हाय. दत्तानं उचलून सांगावं, की रानवाऱ्यात दारू न्हाई. मी लगेच हात वर करते."

डबी मी टेबलावर ठेवली, शेजारी बेल. ग्रामसेवकानं आपले कागद हळूच बाजूला घेतले.

"सुषमाताई," हौसराव आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजातली साखर कमी झाली, "देव असा पंचायतीत आणायचा नसतो."

"आप्पा, पंचायत देवाकडं तुम्हीच नेली होती."

बाहेर कुणीतरी हसलं. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी दत्ताकडे बघत होते. वस्तीतल्या सगळ्या बायका खिडकीतून त्याच्याकडे बघत होत्या. चांगुणाला मी उभी करू शकले असते. रोज तिच्या नाकासमोरून ते पेले जातात. पण तिची चूल विझवून मला माझी पोरगी वाचवायची नव्हती.

दत्ता उठला. शर्ट सारखा केला. टेबलाशी आला, बेलाचं पान तळहातावर घेतलं, डबीतून चिमूट भंडारा घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "रानवारा हाटेलात दारू इकली जात न्हाई." आणि कपाळाला लावला.

एवढंच.

माझा सगळा डाव त्याच्या भीतीवर उभा होता, आणि त्याला भीतीच नव्हती. आप्पा खाली मान घालून बसले. त्यांना ठाऊक होतं, भाच्यानं काय केलं ते. आपल्या घरातल्यानं खोटा भंडारा उचललेला त्यांना बघावा लागला, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. पण विषय त्यांनी मागं घेतला नाही. पॅनलचे बाकीचे तिघे खिडकीबाहेर, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, कुठंही बघत होते. व्हरांड्यातून चांगुणा उठली आणि तडक घराच्या वाटेला लागली.

"झालं समाधान?" दत्ता मला म्हणाला. "आता करा हात वर."

कुणीतरी ग्रामसेवकाला म्हणालं, घ्या मतदान. ग्रामसेवकानं विचारलं, ना-हरकत द्यावी या बाजूनं कोण? पॅनलचे तीन हात वर गेले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी आता दोन वेळा बांधली गेले होते. एकदा जेजुरीला, आणि एकदा आत्ता, माझ्याच तोंडानं. त्यानं उचलला तर हात वर करते, असं मीच म्हणाले होते. त्याचं खोटं आणि माझं खरं, दोन्ही मिळून एकाच गाडीला जुंपली होती, आणि ती गाडी माझ्या पोरीच्या अंगावरून जाणार होती. मला खूप राग आला. दत्ताचा नाही, तो जो आहे तो आहे. ह्या सगळ्याचा राग आला की खोटं बोलणारा निवांत बसतो आणि देवाला भिणारी माणसं तेवढी त्याच्या कामाला येतात. माझी सासू भिते, मी भिते, म्हणून दत्ताचं चालतं.

मी हात वर केला नाही.

"सुषमाताई," आप्पा हळू म्हणाले, "भंडारा उचललाय तुम्ही."

"व्हय, उचललाय," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला लांबून ऐकू आला. "मी जेजुरीला गडावर, देवासमोर भंडारा उचलला, की पॅनल सोडून हात करणार न्हाई. कुणी म्हणू नये की इसरली, न्हाईतर फसवून उचलायला लावला. मी सोताच्या मनानं उचलला. आन् आत्ता ह्या बायकांच्या देखत, सोताच्या मनानं मोडते. ज्याला माझ्या घरी सोयरीक करायची नसंल, त्यानं करू नये. ग्रामसेवक साहेब, इरोधात कोण, इचारा."

त्यांनी विचारलं. तात्याबांच्या गटाचे तीन हात, आणि माझा. ना-हरकत नामंजूर.

दत्ता खुर्ची मागं सारून निघून गेला. मी मात्र बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. मी म्हणाले, फाट्यावर दिव्याचा खांब पायजे, कच्च्या वाटेवर दुसरा पायजे, आत्ताच ठराव घ्या. आन् दत्ता पेले बंद करून परत आला तर त्याच्या अर्जावर पयली सही माझी. दिव्याला नाही कोण म्हणणार? तो ठराव एकमतानं झाला. तेव्हा आप्पांनीही हात वर केला. खरं तर त्यांना मत नव्हतं, पण केला.

घरी जाताना बायका माझ्या बरोबर होत्या, पण नेहमीसारख्या खेटून नाही. दोन पावलं अंतर राखून चालत होत्या. हॉटेलाची ना-हरकत गेली म्हणून त्या खुशीत होत्या, आणि ज्या बाईनं ती घालवली तिच्या सावलीत यायला बिचकत होत्या. मला वाईट वाटलं. रडूही आलं, पण पदराआड पुसलं. हे होणार हे माहीत असूनच मी बोलले होते.

मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. खुटबावच्या स्थळाचा मध्यस्थ आमच्याच गावातला. त्यानं मालकांना फोन करून सांगितलंसुद्धा, की पाव्हण्यांना आता दमानं घ्यायचंय. मालक दारात उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "खुटबावचं मोडलं." मग जरा थांबून म्हणाले, "बरं झालं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे फार झालं.

अपेक्षा युनिफॉर्म घालून तयार होती. आज दुसरी शिफ्ट, बस दुपारची. ती माझ्याकडे आणि आजीकडे आळीपाळीनं बघत होती. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं नाही, आत जायला वाटही दिली नाही.

"मोडलास?"

"मोडला, आत्या."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

त्या उंबऱ्यावर हात टेकून उठल्या आणि माझ्या जवळ आल्या. त्यांचा आवाज खाली गेला, चुलत्याची गोष्ट सांगताना जातो तसा.

"माझं काय, मी आता पिकलं पान. देवानं कवा इचारलं, तर माझं नाव सांग. म्हणावं, सासूनं सांगितलं म्हणून मोडला."

मोडू नको म्हणून जिनं मला दटावलं, तीच आता ते पाप पदरात घ्यायला उभी होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी नाही म्हणाले.

"न्हाई आत्या. तुम्ही तर नगं म्हणत होता. देवापुढं आता आनखी खोटं कशाला? मोडलाय मी, राहू द्या माझ्यापाशीच. लागलं तर मला लागू द्या. पोरगी कामावर जाती, बास."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. मग त्या वळल्या, अपेक्षाचा डबा उचलून तिच्या हातात दिला, तिची ओढणी सारखी केली.

"नीघ. बस चुकंल," त्या तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यो दिवा लागंस्तवर रातच्याला पोरीला आणायला फाट्यावर मी जाणार. काठी घेऊन. तेवढं तरी करू देशील का मला?"

"जावा," मी म्हणाले.